सत्तेचाळीस टक्के

सत्तेचाळीसवर थांबतं.
काल थांबलं, आज सकाळी थांबलं,
आत्ता, उद्यमनगरात जेवणाचा भोंगा झाल्यावर
पुन्हा सत्तेचाळीसच.
गोल फिरणारे ठिपके फिरत राहतात,
काम बंद पडल्याचं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पेनड्राइव्ह बदलला.
पुढचं पोर्ट सोडून मागचं घेतलं.
बायोसमध्ये शिरून तारीख पाहिली:
मशीनच्या मते आज एक जानेवारी दोन हजार नऊ.
समोरच्या घड्याळवाल्याकडून बटनसेल आणला, तीस रुपये.
वेळ लागली.
आकडा हलला नाही.

स्टुलावर ईश्वरा सुतार.
चाळीस वर्षं फौंड्र्यांना सागवानी पॅटर्न करून देतात,
नखांत मुरलेला भुसा आता धुऊन जात नाही.
"सगळं पुसायला लागंल?"
"सी पुसायचं. डीला हात लावत नाही."
"डीत ड्रॉइंगं हाईत. पंपाची, थ्रेशरची.
बंद पडल्या त्या कारखान्यांचीबी."

पडद्यावरच्या यादीत पार्टिशनला नावं नसतात,
नुसते आकार, जवळजवळ सारखे.
बाण डिलीटवर नेते, परत आणते.
जिना उतरून पाणी पिऊन येते.
गेल्या वर्षी मी एकाचं लग्न पुसलंय,
अल्बम छापायचा राहिला होता.
तो अजून रस्त्यात भेटला की हसतो.
शिव्या दिल्या असत्या तर बरं.

ईश्वराकाका उठतात,
बोटाच्या पेराने कॅबिनेट दोनदा वाजवतात, कान लावून.
"वतीव काम आसंच बघायचं. टण् वाजलं तर नीट.
बद्द वाजलं की आत पोकळी."
"काका, हा पत्रा आहे."
"आसंना. पन सगळं जोडूनच कशाला बघतीस?
एकेक सुटं कर."

राग येतो,
कारण तेवढंच करायचं राहिलेलं असतं.

रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढते.
भाचीच्या खोडरबरानं त्यांचे सोनेरी दात घासते,
चुरा फुंकते.
पहिली एकटी: सत्तेचाळीस.
दुसरी एकटी:
अठ्ठेचाळीस.
दोघंही बोलत नाही.
एकोणपन्नासला ते स्टूल पुढे ओढतात.

काढलेली पट्टी ते खिडकीच्या उजेडात धरतात.
"कुठं हाय पोकळी?"
"दिसत नाही."
"हां. आतच आसती."
खिशात टाकतात.

रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढायचा विसरते,
ते पुन्हा पहिल्यापासून विचारतं, भाषा कोणती.
उपसते. आता विचारतं, हे मशीन कोण वापरणार?
जुन्यात नुसतंच 'यूजर' होतं.
"ईश्वरा लिव. श्व नीट काढ, लोक इस्वर करत्यात."
कीबोर्डला मराठी अजून यायची आहे.
रोमन अक्षरांत टाइप करते,
ते चष्मा वर करून वाचतात.
"चालंल. कच्चं काम म्हनून."

डी उघडते.
पंप आहे. थ्रेशर आहे.
एका फाइलला नाव फक्त 'नको' असं, ती ते उघडू देत नाहीत.

आवाज नाही अजून. ड्रायव्हर उद्या.
पिशवीत घालण्याआधी
ते पुन्हा पेराने दोनदा वाजवतात,
ऐकतात,
आणि कसं वाजलं ते सांगत नाहीत.