कोमट पाणी

केमी गावात डिसेंबरात दोनलाच अंधार पडतो.
शेवटचा पेशंट पावणेपाचला उठतो,
डॉक्टर लेहतोवारा कोट चढवत म्हणतात, "येतो, मार्युक्का,"
आणि खुर्ची, दिवा, नळ्या
माझ्या होतात.

दोन नळ्या. जाडी तुषार ओढते, बारकी लाळ.
दिवसभर लोकांच्या तोंडचं पाणी पळवायचं
हा त्यांचा धंदा.
संध्याकाळी त्यांना पाणी पाजायचं, हा माझा.

कोमट. गरम नाही.
गरम पाण्याने रक्त नळीच्या आतच शिजतं,
अंड्याच्या पांढऱ्यासारखं धरून बसतं.
हे हेल्वीने सांगितलं,
जिच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा,
निवृत्तीनंतर बसस्टॉपवर भेटली तेव्हासुद्धा.

आधी लिटरभर नुसतं पाणी. मग निळं औषध, मोजून.
नळी बुडवायची, वर धरायची,
पाणी, हवा, पाणी, हवा.
उन्हातून आलेल्या माणसासारखी ती पिते,
मध्येच दम घेत.

मग जाळी.
दुहेरी हातमोजे, मास्क, आणि श्वास जरा आवरून.
सिमेंटचे कण. कापसाचा बोळा.
एकदा लिपस्टिक लागलेला दाताचा तुकडा.
आणि जुन्या चांदीचा चुरा, ज्यात पारा असतो;
त्याला झाकणाचा वेगळा डबा,
वर्षातून एकदा येणारा वेगळा ट्रक.
नदीत एक कणही जाता कामा नये.
नदी जिथे समुद्राला मिळते
तिथे माझा भाऊ बर्फाला भोक पाडून मासे धरतो
आणि रविवारी मला आणून देतो.

सकाळी पाउली आले होते.
चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत, शब्द मोजके.
नळी तोंडात गेली की सवयीने ओठ मिटतात,
सिगारेट ओढल्यासारखे.
"मिटू नका," मी म्हणते. का, ते सांगत नाही.
ओठ मिटले की ओढ अडते
आणि नळीतलं मागे फिरू शकतं:
आधीच्याचं, त्याच्या आधीच्याचं,
तुमच्या जिभेवर.
हे कुणाला सांगायचं असतं का?
धुवायचं असतं.

आता आतूचं.
वय एकोणीस, शिकायला दोन महिने आमच्याकडे.
मंगळवारी निळं औषध संपलं,
त्याने भांड्यांचा साबण ओतला.
स्वच्छच करायचं होतं ना.
तळघरात मोटर आधी बारीक ओरडली, मग घोगरी,
मग काहीच नाही.
खाली गेलो तर पायरीपर्यंत फेस,
पांढरा, ताजा, लिंबाच्या वासाचा.
त्याच्या तोंडचं पाणी पळालं,
नळीशिवाय.

औलूहून मेकॅनिक आला,
दारात बूट काढून मोज्यांवर खाली उतरला.
"फेस?"
"फेस."
त्याने मान हलवली. बिल मात्र बरंच बोललं.

डॉक्टरांनी विचारलं, कुणी?
आतूच्या तोंडात तीळ भिजत नाही,
तो तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले,
"बाटलीवरचं लेबल पुसट झालं होतं. माझ्याकडून राहिलं."
डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मग नुसतं "हं."

चौऱ्याण्णव साली हेल्वी म्हणाली होती,
"मोटर जुनी झाली होती."
मोटर तीन वर्षांची होती.
मी एकवीस वर्षांची.
आपलेच दात, आपलेच ओठ.

आज जग आतूच्या हातात आहे.
तो मनगट नळाखाली धरतो,
बाळाचं दूध बघतात तसं.
"जरा गरम वाटतंय."
मी बोट घालते. खरंच गरम आहे.
"थांबू या."

बाहेर कुणी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतंय.
आम्ही दोघं बेसिनपाशी उभे,
जगातलं पाणी निवायची वाट बघत,
आणि तळघरातली दुरुस्त मोटर
आमची.