पाठचा भाऊ

दोन नोव्हेंबरला सारेमा बेटावर
गेलेल्यांसाठी खिडकीत मेणबत्ती लावतात.
यंदा मी दोन लावल्या.
मेण महाग झालंय, आई म्हणाली,
पण विझवली नाही तिनेही.

हेल्दुर, माझे आजोबा. त्यांच्या पाठचा ओस्कार.
एकाला रशियनांनी नेलं, एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात, बोटीतून.
दुसऱ्याला जर्मनांनी, तीन वर्षांनी,
सायकलसकट.
विचारलं कुणालाच नव्हतं.

पणजीकडे चौकट एकच.
दोन्ही फोटो तिने एकामागे एक घातले,
आणि अंगणात बूट वाजले
की आवाजावरून ठरवायची
आज कोणता मुलगा पुढे.

मग पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं हेल्दुरच पुढे.
ओस्कार मागे, अंधारात,
भावाच्या पाठीला नाक लावून,
लहानपणी एका अंथरुणात निजायचे तसा.

हेल्दुर परतले होते, तीन बोटं कमी.
मे महिन्यात बिल्ले लावून आमच्या शाळेत यायचे,
सांगितलेलं भाषण करायचे,
घरी येऊन चौकट उतरवायचे.
काच पुसायचे एकदा.
मागचा पुठ्ठा मात्र कितीतरी वेळ.
तिथे कुठे धूळ बसते, आजोबा?
बसते, म्हणायचे.

आज मी खिळे उपसले.
फोटो एकमेकांना चिकटलेले.
किटलीची वाफ दिली, सुरीचं टोक घातलं,
ओस्कारची टोपी सुटली, कपाळ सुटलं,
डावा कान काही सुटेना.

राहू दे, आई म्हणाली.
ओढू नकोस त्याला.