कारणासाठी दोन ओळी

कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली
टायपिस्ट गुरवकाका विचारतात,
"गॅप किती वर्षांचा?"
सहा.
"कारण काय टाकू? आजारपण टाकतो, सगळे तेच टाकतात."
नापास टाका.
ते चष्म्यावरून बघतात :
"पोरी, ते कारण नाही. तो निकाल आहे."

जून संपत आला तरी डांबर चपलेला चिकटतंय.
स्टॅम्पपेपर पाचशेचा,
म्हणजे आईच्या अडीच हजार विड्या,
पान भिजवण्यापासून दोरा बांधण्यापर्यंत.

निकाल मला पाठ आहे.
केगावला, दुसऱ्या मजल्यावर,
काचेमागे एक कागद. सतरा नंबर, नावं नाहीत.
'मुदतीत विषय न सुटल्याने नोंदणी रद्द.'
न सुटल्याने.
जणू मीच धरून बसले होते
संभाव्यतेचे दोन पेपर
मुठीत.

चार महिने घरी सांगितलं नाही.
रोज डबा घेऊन निघायचे,
बस केगावला जायची, मी नाही.
सिद्धेश्वर तळ्याच्या कट्ट्यावर बसून
कडक भाकरी चटणीत बुडवायचे
आणि मासे मोजायचे.
संख्याशास्त्राची विद्यार्थिनी,
आणि तेच मासे पुन्हा पुन्हा मोजतेय
हे लक्षात यायला हिवाळा उजाडला.

आईला कळलं ते पाण्याच्या दिवशी.
पाच दिवसांनी नळ आला होता,
शेजारची नागमणी हंडा उचलता उचलता बोलून गेली.
आई काही म्हणाली नाही. भरत राहिली.
घागरी संपल्या, बादल्या संपल्या,
मग पातेली, तांबे,
मग माझा रिकामा डबा.
त्यातही पाणी भरून ठेवलं, झाकण लावून.

नंतर अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल मोजले.
डझनाचा गठ्ठा, गठ्ठ्यांची पेटी.
चांगला माल डावीकडे, सेकंड उजवीकडे.
सेकंड म्हणजे फाटका नव्हे :
कुठे तार सुटलेली, कुठे सांधल्याची गाठ.
अंग तेवढंच पुसतो. भाव निम्मा.
(तुम्ही काय जोडताय ते कळतंय मला.
पण मी टॉवेल नाही.
टॉवेलला फी भरावी लागत नाही.)

पहिल्या दिवशी वर्गात शिरले
तर अख्खा वर्ग उभा राहिला.
"गुड मॉर्निंग मॅडम."
मी तिसऱ्या बाकापाशी पोचले तरी
बसावं की नाही, कुणाला कळेना.
शेवटी इरण्णा नावाचा एक झिपऱ्या सरकला,
"बसा की, ताई. इथला पंखा चालतो."

बिराजदार सर आता विभागप्रमुख.
हजेरी घेताना अडखळले,
"यन्नम... भाग्यलता?"
ओळखलं, की खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आलं,
सांगता येत नाही.
मी हजर म्हणाले.
जरा जोरातच.

दोन ओळींच्या जागेत शेवटी काय छापलं, सांगायचं राहिलं.
'घरगुती कारणास्तव.'
गुरवकाकांची आणि माझी तडजोड.
खाली सहीच्या वर नेहमीचं वाक्य :
वरील मजकूर खरा व बरोबर आहे.
बरोबर आहे, हे मान्य.
पेन तेवढा जरा थांबला होता
'खरा'वर.

संध्याकाळी आई सुपातून मान वर न काढता विचारते,
"तिन्नावा?"
खाल्लं, म्हणते. डबा धुते,
खिडकीत उपडा घालते.

उद्या पहिला तास संभाव्यतेचा.
पुस्तक जुनंच आहे,
पान एकशे बारावर
तळ्याकाठच्या चटणीचा तेलकट डाग,
त्याच्या आरपार
मागच्या पानावरचं गणित दिसतं.