आयचा रविवार

आमच्या बहारीनमध्ये रविवार शुक्रवारी यायचा.
मिस्सा शुक्रवारी, इस्त्रीची साडी शुक्रवारी,
चर्चबाहेर मंगळूरच्या, त्रिचूरच्या बायकांत उभं राहून
खोबरेलाचा भाव विचारायचा, तोही शुक्रवारी.
रविवार म्हणजे कामाचा दिवस.
पापा बंदरावर, मी शाळेत,
गुदैबियाच्या गल्लीत पाण्याचा टँकर.

पण आय उठायची साडेतीनला.
मागच्या मशिदीत बांग होईस्तोवर
तिची एक जपमाळ पुरी झालेली असे.
'फादर म्हणतात, शुक्रवार चालतो,' मी एकदा म्हटलं.
'चालतो ना,' ती म्हणाली,
'पण तिकडं वसईत आज घंटा वाजणार.'

मथिल्दा बस्त्याव रुमाव.
आगबोटीच्या डेकवर ओकत ओकत आली,
इथे अजून रुपयाच चालायचा तेव्हा.
ट्रंकेत दोन लुगडी, केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी,
आणि पदराच्या गाठीत काय होतं
ते तिनं कधीच सांगितलं नाही.
दीनार आला तेव्हा म्हणे आठवडाभर
बोटांवर दहा-दहा मोजत बसायची,
मासळीवाल्यानं फसवू नये म्हणून.
मासळीवाला तिलाच घाबरायचा.

चाळमालक अबू जासिमला 'प' म्हणता येत नसे.
मी पेद्रू, म्हणून ती 'उम्म बेद्रू'.
गच्चीवर रंगाच्या पिंपात तिनं केळ लावली,
तीन एसींचं ठिबकतं पाणी बादलीत धरून.
सात वर्षं नुसती पानं.
आठव्या वर्षी लोंगर आला,
नऊ केळी, अंगठ्याएवढी.
सुरीनं अर्धी अर्धी केली, सगळ्या मजल्यांवर वाटली.
आम्हांला उरली नाहीत.
अबू जासिम चाखून बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, या महिन्याचं भाडं पुढल्या महिन्यात दे.
त्या महिन्यात पापा शिडीवरून पडले होते.

अकरा वर्षं पापा खाटेवर.
अकरा वर्षं तिनं त्यांना कुशीवर वळवलं,
दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा,
आणि खालच्या स्वयंपाकघरात चौतीस डबे भरले
एकट्या राहणाऱ्या पोरांचे, कुणाचं बिनतिखट, कुणाचं बिनमाशाचं.
माझ्या कॉलेजची फी त्या डब्यांतून गेली.
तिच्या कार्डावर मात्र दर दोन वर्षांनी
नवा शिक्का पडायचा: अवलंबित.
आधी पापांवर. मग माझ्यावर.
वाचून दाखवलं की हसायची,
'बरं आहे, कुणावर तरी आहे.'

रागीटही होती, हे कुणी बोलत नाही आता.
सुनेशी दोन वर्षं मिठावरून अबोला धरला.
माझं पहिलं लग्न मोडलं तेव्हा
मला नाही, देवाला फैलावर घेतलं,
माळ खुंटीला टांगून तीन दिवस.
चौथ्या दिवशी काढली. काय ठरलं दोघांचं, माहीत नाही.

गेली ती उपवासकाळात, गुरुवारी, एक्याण्णव वर्षांची.
वाळूची जमीन, खोदणारे दोघे बंगाली,
त्यांतला एक तिच्या डब्यावर वाढलेल्याचा मुलगा निघाला.

आता रविवारी सातला
मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच थांबतो.
माळ तिचीच, एक मणी बदललेला, बटणाचा.
ती नावं घ्यायची तशी घेतो:
आधी मेलेले, मग जिवंत,
मग ते, जे डब्याचे पैसे बुडवून गेले.
त्यांत एक नाव येतं, बानू.
रोज घ्यायची ती. पापांच्या नंतर, माझ्या आधी.
बहिणीला विचारलं, वसईला फोन केला,
अबू जासिमच्या लेकाला विचारलं.
कुणालाच ठाऊक नाही बानू कोण.

बाहेर काचेवर धूळ बसत राहते.
पावणेआठला हजेरी.
हे आमच्या स्वर्गातील बापा,
ही बानूसाठी.