चाळीस पावलं

पोर्तो-नोवोत पेट्रोल काचेतून विकतात.
मोठ्या पोटाच्या बरण्या, रस्त्याकडेला, फळकुटाच्या मेजावर;
सकाळचं ऊन आत शिरलं
की मध भरून ठेवलाय असं वाटतं.
रात्री सीमेपलीकडून येतं ते.
कुठून, कसं, कोणी विचारत नाही.
लिटरमागे किती, एवढंच.

हुएफाचं मेज वळणावर, टायरवाल्याशेजारी.
नरसाळं पाण्याच्या बाटलीचं कापलेलं,
आत नवऱ्याच्या सदऱ्याची चिंधी, गाळ अडवायला.
"इंजिन बंद कर," ती म्हणायची
प्रत्येकाला, मान वर न करता,
"जपून जा" म्हणावं तसं.

त्या दिवशी माझ्या मागे गिऱ्हाईक होतं,
मांडीवर बोकड, आणि घाईत.
माझी गाडी एकदा बंद पडली की लवकर उठत नसे.
मी म्हटलं, ओत गं, काही होत नाही.

जे झालं ते आधी दिसलंच नाही.
भर उन्हात ज्वाळेला रंग नसतो.
फक्त हवा थरथरली
आणि तिच्या हातातली चिंधी
आपसूक काळी होत गेली.
मग बरणी.
मग किंचाळी, ती बोकडाची.
हुएफाच्या तोंडून आवाज फुटलाच नाही.
टायरवाला सेजरो वाळूची पाटी घेऊन धावला.
मी गाडी बाजूला ओढली.
आधी गाडी.

सात आठवडे इस्पितळात,
हात मलमात, मलम प्लास्टिकच्या पिशवीत.
पट्टी बदलायच्या दिवशी
खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू यायचं म्हणे.
मी तो रस्ता सोडला होता.

आता ती परत बसते, त्याच मेजाशी.
दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो, खरं आहे;
पण ताक विकूनच जगायचं असेल
तर फुंकणार किती?
डाव्या हाताची तीन बोटं एक झालीत.
नरसाळं धरायला बरी पडतात, म्हणते.

मला ओळखते की नाही, ठाऊक नाही.
आम्हा सगळ्या गाडीवाल्यांचे सदरे एकाच रंगाचे.
मी रोज अर्धा लिटर घेतो, लागो न लागो.
अलीकडे, शाळेच्या भिंतीशीच किल्ली फिरवतो
आणि गाडी ढकलत आणतो
चाळीस पावलं.
चिखल असला तर पंचेचाळीस.

काल तिने मान वर केली.
म्हणाली, "एवढं पेट्रोल वाचवतोस,
करतोस काय रे त्याचं?"