उसनं

गुजरीत माझं काम गाठवायचं.
सोनं दुसऱ्याचं, दोरा माझा.
साजाची एकवीस पानं,
मासा, कासव, शंख, भुंगा,
सगळ्यांत शेवटी ताईत.
एक पान उलटं गेलं तरी
गिऱ्हाईक मानेला हात लावून म्हणतं,
"बाई, टोचतंय."

डॉक्टर मगदूमांनी मला
माझ्याच धंद्यात समजावलं.
प्रत्येकाच्या हाडांत असे कारागीर बसलेले असतात,
पुढ्यात तीन डबे.
ह्यातला एक मणी, त्यातला एक, तिसऱ्यातला एक,
न बघता ओवतात.
जो रोग अजून जगात आला नाही
त्याच्याही मापाचा साज
कुणीतरी ओवून ठेवलेला असतो.
रोग दारात आला की
त्या एकाच साजाच्या लाखो नकला,
आणि प्रत्येक नक्कल जरा चुकवायची,
चुकत चुकत घट्ट बसेपर्यंत.
मी म्हटलं, चुकीचे आमच्यात पैसे कापतात.
ते हसले नाहीत.

अभिराजचे डबे भरलेले आहेत.
कारागीरच उंबऱ्यावर अडतात, मोठे होत नाहीत.
एका जनुकात एक अक्षर फिरलंय.
बीटीके त्याचं नाव,
शाळेतल्या एखाद्या तुकडीसारखं.
ते माझ्याकडून गेलं.
मला कधी सर्दीसुद्धा धड झाली नाही.

माझा भाऊ सर्जेराव चार वर्षांचा होऊन गेला.
कान वाहायचा, छाती भरायची,
गळ्यात सात ताईत.
आईनं शेवटी शेजारच्या आक्काताईवर आळ घेतला,
तिचीच नजर.
आक्काताई अठ्ठावीस वर्षं
आमच्या दाराकडे न बघता पाण्याला गेली.
रिपोर्ट आला त्या संध्याकाळी
मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले.
ते तुमचं नव्हतं, आमच्याच रक्तात होतं.
"व्हय?" म्हणाली,
आणि दूध उतू जाऊ दिलं.

दर चौथ्या गुरुवारी सीपीआरला बाटली लागते.
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळलेलं पाणी.
त्यांचे गोवर, त्यांची पडशी,
लहानपणी रडत घेतलेल्या सुया,
सगळं सोसून झालेलं
थेंब थेंब माझ्या पोराच्या मनगटात.
"आई, आता माझ्यात किती माणसं हाईत?"
पुष्कळ.
"त्यातलं कोण तालमीत जातं का?"
असंल की.
महिना सरत आला की उसनं सरतं.
मी रात्री पालथा हात त्याच्या कपाळाला लावून बघते,
मग परत बघते.

रेवती नऊची.
तिचंही तपासू या का, मी विचारलं.
डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की तिचं ती ठरवील.
लाइट गेली की ती माझ्याजवळ सरकते,
अंधारातच तिन्ही डब्यांत हात घालते,
दोऱ्यात काहीबाही ओवते.
लाइट आल्यावर उचलून धरते,
"हा असा कुणीच केला नव्हता बघ."
मोत्यानंतर पोवळं, मग परत पोवळं, मग काच.
गिऱ्हाईक नाही त्याला.
मी उसवत नाही.