पेन्सिलची भिंत

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर
ऑफिस जवळजवळ तयार झालं.
संखेड्याचे चार स्टूल आले,
लाखेचा वास अजून ओला.
मालक म्हणाले, या भिंतीवर
काहीतरी प्रेरणादायी लिहा.

भिंतीवर आधीच लिहिलेलं होतं:
पुंजाभाई मिस्त्रींचा हिशेब, गुजराती आकड्यांत,
तीन फूट सात, वजा पट्टीची जाडी,
एक उत्तर खोडलेलं,
खाली कुणाचा तरी फोन नंबर,
शेवटचा आकडाच नाही.

रंगारी डबा उघडून उभा.
मी म्हटलं, एवढं सोडून रंगव.

आता मीटिंग अडली की
सगळे तिकडेच बघत बसतात.
परवा नवी मुलगी, शर्वाणी,
खोडलेल्या उत्तरावर बोट ठेवून म्हणाली,
हे बरोबर होतं की!

तरीच
कपाटाचं दार
दोन सूत उघडं राहतं.